भाता : योद्ध्याचा आणि शिकाऱ्याचा

शस्त्रांच्या इतिहासांत धनुष्याला मान मोठा आहे आणि बाणालाही तो कमी नाहीं. धनुष्य कोणत्या लांकडाचें करीत, त्याच्या पाठीवर स्नायूंचा थर देण्याची युक्ति कोणाला साधली, बाणाचें टोंक गारेचें होतें तें तांब्याचें आणि पुढें लोखंडाचें कसें झालें, या गोष्टींवर विद्वानांनीं पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. परंतु धनुर्धर घराबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत बाणांचा भार जो मुकाट्यानें वाहतो, त्या भात्याची विचारपूस क्वचितच होते. याचें एक कारण उघड आहे. भाता बहुधा चामड्याचा, झाडाच्या सालीचा किंवा वेळूचा असतो. तो जमिनींत कुजून जातो, आणि उत्खनन करणाराच्या हातीं लागतात तीं केवळ दगडाचीं किंवा धातूचीं टोंकें. दुसरें कारण असें कीं, भाता म्हणजे एक पिशवी, आणि पिशवींत विचार करण्यासारखें काय असणार, अशी आपली सहज समजूत असते. ही समजूत किती उणी आहे हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आजही जगाच्या कांहीं भागांत, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, चाकें बसविलेलीं यांत्रिक धनुष्यें बाजूला ठेवून जुन्या पद्धतीच्या साध्या लांकडी धनुष्यानें, सरकारी परवाना घेऊन, हरणाची शिकार करणारे लोक आहेत. अशा मनुष्यापुढें धनुष्य-बाणांची निवड झाल्यावर जो प्रश्न उभा राहतो तो भात्याचा. भाता पाठीवर टाकावा, कमरेला लटकवावा, कीं धनुष्यालाच जोडून घ्यावा? वरवर पाहतां हा केवळ सोईचा प्रश्न आहे. वस्तुतः या निवडीच्या मागें दोन फार जुन्या परंपरा उभ्या आहेत. एक योद्ध्याची आणि दुसरी शिकाऱ्याची. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे तिचें प्रायश्चित्त धनुर्धराला क्वचित् आणि जनावराला मात्र नेहमीं भोगावें लागतें. म्हणूनच हा विषय निव्वळ हौशी मंडळींचा नाहीं.

आधीं शब्दांकडे पाहूं. मराठींत लोहाराचा भाता तोही भाताच आणि बाणांचा भाता तोही भाताच. दोन्ही अर्थांच्या मुळाशीं संस्कृत ‘भस्त्रा’, म्हणजे चामड्याची पिशवी, आहे. तिच्यांत वारा भरला तर ती लोहाराची, बाण भरले तर धनुर्धराची. म्हणजे आपला शब्द वस्तु कशाची केली आहे तेवढेंच सांगतो. संस्कृतांतील ‘इषुधि’ हा शब्द बाण ठेवण्याची जागा असें सांगतो. ‘निषंग’ हा अंगाला जखडलेला असें सांगतो. फारसींतून आपल्याकडे आलेला ‘तरकस’ हा मूळचा ‘तीरकश’. त्यांत तीर ओढून काढण्याची क्रिया आहे. चामडें, ठेवणें, बांधणें आणि काढणें! भात्याचें सारें शास्त्र या चार शब्दांत आलें आहे. अडचण एवढीच कीं, उत्तम ठेवणें आणि चटकन काढणें या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत. बाण जितका घट्ट, झांकलेला आणि सुरक्षित ठेवावा तितका तो हातीं येण्यास उशीर. जितका मोकळा ठेवावा तितका तो भिजण्याचा, बोथटण्याचा आणि वाजण्याचा संभव अधिक. या वैरांत योद्ध्यानें एका बाजूचा पक्ष घेतला आणि शिकाऱ्यानें दुसऱ्या.

योद्ध्याचा पक्ष आपल्या वाङ्मयांत फार प्राचीन काळापासून दिसतो. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलांतील पंचाहत्तरावें सूक्त हें युद्धाच्या साहित्याची स्तुति करणारें सूक्त आहे. त्यांत कवच, धनुष्य, प्रत्यंचा यांच्या जोडीला इषुधीलाही एक स्वतंत्र ऋचा मिळाली आहे. या ऋचेंतील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. एक, हा भाता पाठीवर बांधलेला आहे. आणि दुसरी, तो रणांत उतरतांच आवाज करतो. ऋषीला हा आवाज दोष वाटत नाहीं. तो भात्याच्या विजयाचें लक्षण म्हणून सांगितला आहे. हें योग्यच होतें. समोरच्या सैन्याला आपण येत आहों हें ठाऊक असतेंच. आवाजानें त्याच्या छातींत धडकी भरली तर ती हवीच आहे. महाभारतांत खांडववनाच्या प्रसंगीं अग्नीच्या विनंतीवरून वरुणानें अर्जुनाला गांडीवाबरोबर दोन अक्षय भाते दिले, ही कथा सर्वश्रुत आहे. अक्षय भाता हें योद्ध्याचें मनोराज्य होय. रणांत बाण संपणें म्हणजे मरण, तेव्हां कधींच रिता न होणारा भाता त्याला हवासा वाटला यांत नवल नाहीं.

हीच वृत्ति इतर राष्ट्रांतही आढळते. काळ्या समुद्राच्या उत्तरेस राहणारे शक लोक धनुष्य आणि बाण एकाच खोळींत घालून ती कमरेला डाव्या अंगास लटकवीत. युक्रेनमधील चेर्तोम्लिक येथील टेकाड १८६३ सालीं खणलें गेलें, तेव्हां अशा खोळीवर मढविलेला सोन्याचा पत्रा सांपडला. त्यावर ग्रीक कारागिरीचीं उठावाचीं चित्रें आहेत. हिरोडोटस यानें तर याच लोकांविषयीं लिहून ठेवलें आहे कीं, मेलेल्या शत्रूच्या उजव्या हाताचें कातडें नखांसकट सोलून त्याचें आवरण ते आपल्या भात्यांना घालीत. सोनें काय किंवा शत्रूचें कातडें काय, हेतु एकच: पाहणाऱ्यानें पाहावें आणि भ्यावें. योद्ध्याचा भाता हा दाखविण्याचा असतो, वाजविण्याचा असतो, आणि भरलेला असतो.

आतां शिकाऱ्याचा भाता पाहूं. सुदैवानें असा एक भाता, त्याच्या धन्यासह, सुमारें पांच हजार तीनशें वर्षें बर्फांत गोठून राहिला आणि आपल्या हातीं आला. १९ सप्टेंबर १९९१ रोजीं ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सरहद्दीवरील आल्प्स पर्वतांत एक मृत देह सांपडला; ओएत्सी या नांवानें तो जगप्रसिद्ध झाला आहे. त्याच्यापासून कांहीं अंतरावर त्याचा भाता पडला होता. ही एक लांबट, निमुळती कातडी पिशवी. तिला ताठपणा यावा म्हणून एका अंगाला हेझल झाडाची काठी लावलेली. कातडें कोणत्या जनावराचें याविषयीं आधीं एक तर्क होता. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षणानें तें रो नांवाच्या लहान हरणाचें ठरलें. आंत चौदा बाणांच्या काड्या होत्या. त्यांपैकीं गारेचें टोंक आणि पिसें लावून तयार झालेले बाण किती? फक्त दोन, आणि तेही मोडलेले. बाकीच्या बारा काड्या अजून घडवावयाच्या होत्या. शिवाय आंत शिंगाचे तुकडे, झाडाच्या सालीची दोरी आणि जनावराचे स्नायु, असें दुरुस्तीचें सामान होतें. त्याच्याजवळचें यू लांकडाचें धनुष्यही, जवळ जवळ सहा फूट लांबीचें, अपुरेंच होतें.

अर्जुनाच्या अक्षय भात्याशेजारीं हा भाता ठेवून पाहावा. हा शस्त्रागार नव्हे. ही कारागिराची पेटी आहे. डोंगरांतून एकट्यानें हिंडणाऱ्या मनुष्याला शेंकडों बाण नको असतात. त्याला दोन चांगले बाण आणि तिसरा करण्याचें साहित्य हवें असतें. काळाची थट्टा अशी कीं, हाच मनुष्य बाणानें मेला. २००१ सालीं क्ष-किरणांनीं तपासणी करतां त्याच्या डाव्या खांद्यांत रुतलेलें गारेचें टोंक दिसून आलें. तें ज्या भात्यांतून आलें होतें तो भाता मात्र मनुष्याच्या शिकारीला निघालेल्याचा होता.

शिकाऱ्याच्या भात्याकडून काय अपेक्षा असतात, त्याची येथें थोडी फोड केली पाहिजे. कारण त्यावांचून पुढील इतिहास कळावयाचा नाहीं. पहिली अपेक्षा पिसांची. बाणाच्या मागें लावलेलीं पिसें वाऱ्याला अडवितात, आणि त्यामुळें बाणाचा मागचा भाग मागेंच राहून टोंक सरळ पुढें जातें. पिसें भिजून काडीला चिकटलीं, किंवा दाटींत चुरगळलीं, म्हणजे बाण डुलत जातो आणि भलतीकडे लागतो. जपानी लोकांनीं यासाठीं दोन निराळ्या जातींचे भाते केले: एबिरा नांवाचा उघडा भाता, आणि उत्सुबो नांवाचा बंद भाता, ज्याच्यावर पुष्कळदां केसाळ कातडें चढवीत, म्हणजे पाऊस पिसांपर्यंत पोंचत नसे. दुसरी अपेक्षा पात्याची. बंदुकीची गोळी आघातानें मारते. बाणाचें तसें नाहीं. रुंद पात्याचा बाण कापतो, आणि जनावर रक्तस्रावानें मरतें. पातें वस्तऱ्यासारखें असेल तर हें काम थोड्या क्षणांत होतें. बोथट असेल तर जनावर जखम घेऊन रानांत पळतें आणि दिवसेंदिवस झुरतें. आतां मोकळ्या भात्यांत पांच-सहा पातीं एकमेकांवर दिवसभर घासलीं तर सायंकाळीं त्यांची धार काय उरणार? म्हणजे भात्याच्या तळाशीं पातीं वेगळीं राहतात कीं नाहीं, हा प्रश्न सोईचा नसून दयेचा आहे. हींच पातीं उघडीं असलीं आणि शिकारी घसरून पडला, तर तीं त्याचेंही रक्त काढतात.

तिसरी अपेक्षा मौनाची. धनुष्याची शिकार वीस-पंचवीस पावलांच्या आंत गेल्यावांचून साधत नाहीं, आणि तेवढ्या अंतरावर काड्यांचा एक टक्क असा आवाज हरणाला पुरे होतो. चौथी अपेक्षा निश्चळतेची. हरणाला स्थिर वस्तु सहसा खटकत नाहीं. पण हललेली वस्तु तें तात्काळ हेरतें. खांद्यावरून हात मागें नेऊन बाण उपसणें ही रणांगणावर डौलदार क्रिया असेल. रानांत ती झेंडा फडकविण्यासारखीच आहे.

या चारही अपेक्षा एका मनुष्याच्या वागणुकींत कशा एकवटल्या होत्या, याची नोंद सुदैवानें उपलब्ध आहे. कॅलिफोर्नियांतील याही नांवाच्या लहानशा जमातीचा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गोऱ्या वसाहतवाल्यांनीं जवळ जवळ निःपात केला. उरलेलीं थोडीं माणसें डीअर क्रीक ओढ्याच्या खोऱ्यांत कित्येक वर्षें लपून राहिलीं. १९०८ च्या नोव्हेंबरांत मोजणीचें काम करणारे लोक त्यांच्या तळावर अवचित जाऊन पोंचले, आणि तेथील धनुष्यबाण, कातड्यांचीं पांघरुणें वगैरे जिन्नस नवलाई म्हणून उचलून घेऊन गेले. ज्यांचें सारें जगणें त्या जिन्नसांवर होतें त्यांचें पुढें काय होईल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलेला दिसत नाहीं. २९ ऑगस्ट १९११ रोजीं ओरोव्हिल गांवाजवळील एका खाटिकखान्यापाशीं त्या जमातीचा शेवटचा मनुष्य उपाशी व एकटा असा सांपडला. त्यानें आपलें खरें नांव कोणाला सांगितलें नाहीं. मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनीं त्याला ‘इशी’ म्हटलें, आणि त्याच्या भाषेंत त्याचा अर्थ केवळ ‘मनुष्य’ असा आहे. सॅन फ्रॅन्सिस्को येथील विश्वविद्यालयाच्या संग्रहालयांत त्याची राहण्याची सोय करण्यांत आली. शेजारच्या वैद्यकीय विद्यालयांत सॅक्स्टन पोप नांवाचे शस्त्रवैद्य होते. ते आधीं त्याचे वैद्य, मग स्नेही आणि अखेर शिष्य झाले. १९१४ च्या मे महिन्यांत इशी या मंडळींना घेऊन आपल्या जुन्या खोऱ्यांतही जाऊन आला. २५ मार्च १९१६ रोजीं क्षयानें त्याचा अंत झाला.

पोप यांनीं १९१८ सालीं याही लोकांच्या धनुर्विद्येवर एक प्रबंध, आणि १९२३ सालीं धनुष्यबाणाच्या शिकारीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेंतील आधुनिक धनुर्मृगयेचा उगम या ग्रंथाकडे दाखवितात. इशीचा भाता पाणमांजराच्या कातड्याचा होता. केसाळ बाजू बाहेर, आणि केसांचा कल वर. या वर्णनांत शोभेचा भाग नाहीं. पाणमांजराचें कातडें पाण्यांतच राहण्यासाठीं झालेलें असतें, तेव्हां आंतील पिसें सुरक्षित. आणि कातडें नरम, त्यामुळें झुडपांची फांदी घासली तरी लांकडी पेटीसारखा ठणका उठत नाहीं.

परंतु याहून महत्त्वाची एक गोष्ट पोप यांनीं लिहून ठेवली आहे. एकाहून अधिक बाण मारण्याचा प्रसंग येईलसें वाटलें, म्हणजे इशी ते जादा बाण आधींच भात्यांतून काढून उजव्या काखेंत, टोंकें पुढें करून, अंगाशीं धरून ठेवी. तेथून बाण घेऊन प्रत्यंचेवर चढविण्यास भात्यांतून काढण्यापेक्षां कमी हालचाल लागे. या एका वाक्यांत शिकाऱ्याच्या भात्याचें सगळें तत्त्व आलें आहे. भाता हा रानांतून चालण्याच्या वेळचा. जनावर समोर आल्यावर त्याचें काम संपलेलें असलें पाहिजे. योद्धा लढतां लढतां भात्यांत हात घालतो. शिकाऱ्याला त्या क्षणीं भात्याची आठवणही होतां कामा नये. निवडीची ही पहिली कसोटी: ऐन वेळीं ज्याच्याकडे हात न्यावा लागत नाहीं, तो भाता चांगला.

इतकें स्पष्ट शिक्षण मिळूनही पुढील पिढीनें तें पुरतें मानलें असें म्हणतां येत नाहीं. पोप १९२६ सालीं वारले. त्यांचे सोबती आर्थर यंग १९३५ सालीं. दरम्यान १९३४ सालीं विस्कॉन्सिन संस्थानानें सॉक आणि कोलंबिया या दोन परगण्यांत केवळ धनुर्धरांसाठीं हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम ठरवून दिला, आणि इतर संस्थानांनीं हळूहळू तो कित्ता गिरविला. थोड्या वेड्या हौशी लोकांचा नाद आतां पुष्कळांचा झाला. या पुष्कळांनीं इशीला पाहिलें नव्हतें. त्यांनीं पाहिलें होतें तें रॉबिन हूडच्या गोष्टींचीं सचित्र पुस्तकें आणि चित्रपट. उजव्या खांद्यावरून डोकावणारीं पिसें म्हणजे धनुर्धर, असें एक चित्र त्यांच्या मनांत पक्कें बसलें होतें.

मौज अशी कीं, इंग्रज धनुर्धरांच्या खऱ्या इतिहासाला या चित्राचा फारसा आधार नाहीं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरनें रंगविलेला हिरव्या पोषाखांतील रानरखवालदार आपले मोराच्या पिसांचे बाण कमरपट्ट्याखालीं खोंवून चालतो. १५४५ सालीं पोर्ट्समथजवळ बुडालेलें आणि १९८२ सालीं वर काढलेलें ‘मेरी रोझ’ हें लढाऊ जहाज तर या बाबतींत उत्तम साक्षीदार आहे. त्यांत साडेतीन हजारांहून अधिक बाण सांपडले; आणि त्यांच्या जोडीला चामड्याच्या गोल चकत्या, प्रत्येकींत चोवीस भोंकें. चोवीस बाण ही एक जुडी. चकतीमुळें एकाचीं पिसें दुसऱ्याच्या पिसांना घासत नसत. म्हणजे लढाईच्या गर्दींतही पिसांची काळजी घेण्याइतके ते लोक व्यवहारी होते. पडद्यावरचा भाता या दोन्ही परंपरांचा वारस नव्हता. तो केवळ शोभेचा होता.

तथापि पाठीवरच्या भात्यावर सरसकट दोष ठेवणें अन्यायाचें होईल. त्याचा सर्वांत नामांकित पुरस्कर्ता हॉवर्ड हिल. १९३८ सालच्या रॉबिन हूडवरील चित्रपटांतील धनुर्विद्येचीं अवघड कामें यानेंच केलीं. पण तो नट नव्हता, आयुष्य रानांत घालविलेला शिकारी होता. तो वापरी तो भाता नरम चामड्याचा, पाठीवर चपटा बसणारा. अशा भात्याचीं अंगें बाणांना आपोआप आंवळून धरतात, म्हणून ते सहसा वाजत नाहींत. हात मोकळे राहतात, धनुष्य हलकें राहतें, आणि मोकळ्या माळावर चालणाऱ्याला त्यासारखें सुख नाहीं. उणीव आहे ती वांकून चालतांना. दाट झाडींत खालीं वांकलें कीं बाण पुढें सरकतात किंवा फांद्यांत अडकतात. पाऊस सरळ पिसांवर पडतो. आणि बाण उपसतांना हात डोक्याच्या वर जातो. हिलला हें सर्व सांभाळण्याची सिद्धि अनेक वर्षांच्या सरावानें आली होती. त्याचा भाता विकत घेणारास ती सिद्धि भात्याबरोबर मिळत नाहीं, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत उशिरा आलें.

या अडचणीला दुसऱ्या बाजूनें उत्तर दिलें तें मिशिगन संस्थानांतील फ्रेड बेअर यानें. आर्थर यंग यांचा अलास्कांतील शिकारीचा चित्रपट पाहून हा मनुष्य या विद्येकडे वळला आणि पुढें धनुष्यांचा मोठा कारखानदार झाला. १९४६ च्या सुमारास त्यानें धनुष्याच्याच अंगाला जोडण्याचा भाता पुढें आणला. थोडे बाण, प्रत्येक काडी वेगळ्या चिमट्यांत, आणि आजच्या या जातीच्या भात्यांत पात्यांवर भक्कम टोपण. जरा विचार केला तर ही इशीचीच काख आहे, फक्त ती शरीरावरून धनुष्यावर गेली. बाण हाताजवळ, वाजण्यास जागा नाहीं, घासण्यास जागा नाहीं, आणि हात हलवावा लागतो तो वीतभर. आक्षेपही खोटे नाहींत. धनुष्याचें वजन वाढतें. बाण कमी होत गेले कीं तोल बदलतो. जोराच्या वाऱ्यांत पिसें वारा धरतात. आणि पिसें उघडीं असल्यानें पावसाचा प्रश्न सुटत नाहीं. शिवाय लांकडी धनुष्याचा हलकेपणा हेंच ज्याचें सुख, त्याला हें ओझें खपत नाहीं. अशांसाठीं मधला मार्ग म्हणून कमरेचा भाता आहे. तो हालचाल थोडी ठेवतो, पण काट्याकुट्यांत पायाशीं घोटाळतो. सिएटलचे ग्लेन सेंट चार्ल्स, ज्यांनीं पोप आणि यंग यांच्या नांवाचा संघ १९६१ सालीं उभा केला, त्यांच्या नांवानें ओळखला जाणारा पाठीवरचा भाता पिसांवर छत्र धरतो, आणि त्यांतून बाण वर न उपसतां खालच्या बाजूनें काढतां येतो. प्रत्येक रचनेनें एक अपेक्षा अधिक पुरविली आणि दुसरी थोडी सोडली.

मग निवडावें कसें? इतिहासाचा कौल माझ्या मतें असा आहे. आधीं रान पाहावें, मग भाता. दाट झाडीच्या प्रदेशांत पाठीवरील लांब भाता नको. उघड्या माळावर तो चालेल. जेथें पाऊस नेहमींचा, तेथें आवरण असलेलाच घ्यावा. कोणताही भाता घेण्यापूर्वीं तो भरून पळून पाहावें, गुडघ्यावर बसून पाहावें, ओणवें होऊन पाहावें. जो वाजला किंवा सांडला तो कितीही देखणा असला तरी परत करावा. पात्यांच्या तळाशीं तीं वेगळीं धरणारें कांहीं आहे कीं नाहीं, तें बोट न घालतां तपासावें. आणि बाण पांच-सहा पुरेत. अधिक बाण जवळ असले म्हणजे एक वायां गेला तर दुसरा आहे, असा विचार मनांत डोकावतो. आणि हा विचार योद्ध्याला जितका शोभतो तितका शिकाऱ्याला शोभत नाहीं. चुकलेल्या बाणाची किंमत योद्धा भात्यांतून देतो. शिकाऱ्याच्या चुकलेल्या बाणाची किंमत कोणी तरी चार पायांचें, मुकें, रात्रभर देत असतें.

आपल्या देशांत हा प्रश्न व्यवहारांत उरलेला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांनीं आपल्या रानांतील मृगया जवळ जवळ पूर्णपणें बंद केली आहे, आणि तें इष्टच झालें. तरीही या विषयाकडे पाहण्याची दृष्टि आपल्याजवळ जुनी आहे, असें म्हणण्यास आधार आहे. कालिदासाचें ‘शाकुंतल’ सुरू होतें तेंच एका शिकारीनें. दुष्यंत रथांतून हरणाचा पाठलाग करीत येतो, बाण प्रत्यंचेवर चढलेला असतो, आणि इतक्यांत तपस्वी आडवे येऊन हें आश्रमाचें हरिण आहे, मारूं नको, असें सांगतात. राजा वाद घालीत नाहीं. चढविलेला बाण परत घेतो. जगांतील एका थोर नाटकाचा आरंभ सुटलेल्या बाणानें नव्हे, तर परतलेल्या बाणानें झाला आहे.

योद्ध्याचा भाता रिता होण्यासाठीं भरलेला असतो. शिकाऱ्याच्या भात्याचें तसें नाहीं. अंतर अधिक वाटलें, मध्यें फांदी आली, जनावर उलटें वळलें, किंवा बरोबर पाडस दिसलें, कीं बाण पुन्हां भात्यांत. खऱ्या शिकाऱ्याच्या दिवसांतील बहुतेक बाण असेच परत येतात. तेव्हां भाता निवडतांना शेवटची कसोटी ही लावावी कीं, त्यांतून बाण किती लवकर निघतो हें नव्हे, तर न सोडलेला बाण त्यांत किती सहज, किती निःशब्द परत जातो.